उद्योजिका राजदूत झाली, तर टिपण कसं लिहायचं

आमच्या बचतगटातल्या मुलींना अमेरिकन उद्योजिका बॉनी मॅकएल्वीन-हंटर यांच्यावर लिहायला सांगते, तेव्हा माझी अट एकच: पदांची जंत्री नको. आधी पैसा कुठून आला ते शोधा. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरातली त्यांची कंपनी, पेस कम्युनिकेशन्स. विमानात सीटच्या खिशात असतात ना, तसली मासिकं कंपन्यांना काढून देणारी. मग 2001 ते 2003 फिनलंडमध्ये अमेरिकेच्या राजदूत. इथे थांबा. परराष्ट्र सेवेत नसताना राजदूत? अमेरिकेत चालतं: राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरिष्ठ सभागृह, मंजूर करते. पक्षासाठी निधी जमवणाऱ्यांची बऱ्याचदा वर्णी लागते, हेही बिनदिक्कत लिहा. हेलसिंकीत त्यांनी उद्योजिकांची परिषद भरवली, ती मात्र स्वतःची कमाई. 2004 मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या संचालक मंडळाचं अध्यक्षपद. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं. तेव्हा संस्थेवर टीका झाली, ती गाळू नका.