आयक्यूएसीचं काम डिसेंबरात सुरू करू नका: पदव्युत्तर विभागांनी या चुका टाळा

सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत डिसेंबर उजाडला की आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकाच्या टेबलावर फायलींचा ढीग पडतो. ३१ तारखेच्या आत नॅक या महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल, भरायचा असतो आणि गेल्या शैक्षणिक वर्षाचे पुरावे तेव्हा कुठे शोधायला घेतात. बहुतेक चुका याच महिन्यात होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे इतिवृत्त मागाहून लिहिणं. सांगलीतल्या एका महाविद्यालयात चारही बैठकांचं इतिवृत्त वर्षाअखेरीस एका दमात लिहून काढलं होतं. एका बैठकीवर तारीख पडली ८ ऑगस्ट २०१९, वेळ सकाळी ११, खाली तेरा सह्या. शैक्षणिक लेखापरीक्षणाला आलेले तज्ज्ञ याच भागातले. त्या दिवशी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती, गावात होड्या फिरत होत्या. ते त्या पानावर थांबले आणि मग पुढचा प्रत्येक कागद मूळ नोंदीशी ताडून पाहू लागले. बैठक खरोखर झाली होती, पण महिनाअखेरीस. निर्णयही चांगले होते. एका अंदाजे टाकलेल्या तारखेपायी खरं कामसुद्धा संशयात सापडलं.

म्हणून पानांवर क्रमांक छापलेली बांधीव वही ठेवा. बैठकीची सूचना सात दिवस आधी, सह्या बैठकीतच, मसुदा दोन दिवसांत. तीन महिन्यांतून किमान एक बैठक आणि दोन तृतीयांश गणसंख्या हा नॅकचा दंडक आहे. पंधरा सदस्य असतील तर दहा हजर हवेत. उद्योजक आणि माजी विद्यार्थी प्रतिनिधींना फोन करून बोलवा, नुसत्या पत्रावर कुणी येत नाही. पुढच्या बैठकीचा पहिला विषय कायम एकच ठेवा: मागचे ठराव. ठराव क्रमांक, कुणाकडे दिला, मुदत, काय झालं. काम झालं नसेल तर ‘झालं नाही’ असं कारणासह लिहा. सगळ्या ठरावांपुढे ‘पूर्ण’ लिहिलेला तक्ता कुणालाच पटत नाही.

दुसरी चूक एम.एस्सी., एम.कॉम.च्या अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे विषय शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं त्याची. सगळ्या विषयांची प्राप्ती, म्हणजे निष्पत्ती किती साधली त्याचा आकडा, ३ पैकी ३ दाखवतात. नवख्यांना कुठून तरी तयार एक्सेल शीट मिळते, ते आकडे ओततात आणि मोकळे होतात. आधी प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या निष्पत्तीचा ते लिहा, नाहीतर पुढचा हिशेब पोकळ. मग उंबरठा ठरवा आणि ठरावात घ्या. समजा, ६० टक्के गुण हा उंबरठा. ५० टक्के विद्यार्थी तो ओलांडत असतील तर पातळी १, ६० टक्के असतील तर २, ७० टक्के असतील तर ३. वर्गात २४ जण आणि १५ जणांनी ओलांडला, म्हणजे ६२.५ टक्के, पातळी २. प्रत्यक्ष मूल्यमापनाला ८० टक्के आणि विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणाला २० टक्के भार धरला, सर्वेक्षणात २.६ आले, तर प्राप्ती २.१२. लक्ष्य २.२ असेल तर कमी पडलं, आणि तिथंच खरं काम सुरू होतं: कोणता घटक अडला, उजळणीचे किती तास घेतले, पुढच्या वर्षी काय बदललं. हा कागद तीन-तीनने भरलेल्या तक्त्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

फीडबॅक नुसता गोळा करू नका. विश्लेषण, त्यावरची कृती आणि संकेतस्थळावरचा दुवा, तिन्ही लागतात. जिओटॅग (ठिकाण आणि वेळेची नोंद असलेले) फोटो कार्यक्रमाच्या वेळीच काढा, नंतर शिक्का चिकटवू नका. खर्चाचे आकडे सीएच्या लेखापरीक्षित पत्रकातूनच उचला. शोधप्रबंधाची साहित्यचौर्य तपासणी सादर करण्याआधी करा, मौखिक परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

पटसंख्येचा घोळ तर दरवर्षी. एम.कॉम. भाग २ चे विद्यार्थी एका तक्त्यात ५८, दुसऱ्यात ६१, कारण एकाने प्रवेशाच्या दिवशीचा आकडा घेतला, दुसऱ्याने परीक्षेला बसलेले मोजले. डीव्हीव्हीला, म्हणजे नॅकच्या माहिती पडताळणीत, अशी तफावत लगेच दिसते. एक तारीख ठरवा, एकच मूळ तक्ता ठेवा, त्यात बदल फक्त एकाच माणसाने करावा.

आणि जूनमध्ये समन्वयकाची बदली होण्याआधी नॅकच्या पोर्टलचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक संस्थेच्या नावावर करून घ्या. नाहीतर डिसेंबरात ओटीपी कराडला गेलेल्या प्राध्यापकांच्या फोनवर येतो आणि ते तासावर असतात.