लाइट बिल भरायला पैसे पुरत नाहीत तेव्हा: देय तारखेआधीची तयारी

मे महिन्याचं लाइट बिल आलं की आमच्या गल्लीत दोन-तीन घरं तरी गप्प होतात. बिल देवघराच्या फळीवर दुमडून पडलेलं असतं, पण त्याचा विषय कोणी काढत नाही. अशा घरातल्या बायकांबरोबर मी बऱ्याचदा वीज कार्यालयात जाते. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली आहे: पैसे नसले तरी जायचं, आणि देय तारखेच्या आधीच जायचं. जाण्याआधी काय काय हाताशी ठेवायचं ते लिहिते. महावितरणचं बिल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीची वीज असेल तर आकार वेगळे असतील, पण तयारी साधारण हीच.

पहिल्यांदा बिल उलगडून नीट वाचा. नुसता तळाचा आकडा बघू नका. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यातून आलेली युनिट बघा, मग बिल घेऊनच मीटरपाशी जा आणि आकडे जुळवा. मीटरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी निघाला तर तिथेच मोबाइलवर फोटो काढा. तारीख दिसेल असा. बिलावर ‘सरासरी’ किंवा ‘लॉक’ असा शेरा असेल तर जास्तच लक्ष द्या. शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला चार महिने गावाला होत्या, मीटर कुलुपाआड. परत आल्या तेव्हा सगळी युनिट एकाच बिलात आली. अशा वेळी ती युनिट तितक्या महिन्यांत वाटून स्लॅब, म्हणजे वापराच्या टप्प्याप्रमाणे वाढणारा दर, लावायला हवा आणि मधल्या सरासरी बिलांचे भरलेले पैसे वजा व्हायला हवेत. 100 युनिटच्या पुढे दर दुपटीच्या आसपास जातो, त्यामुळे हा फरक शेकडो रुपयांचा पडतो. काकूंच्या बिलात वाटणी बरोबर होती. तरी ती बघितल्यावरच त्यांना शांत झोप लागली.

मग उशिराची किंमत काढा. देय तारीख चुकली की बिलावर 1.25 टक्के विलंब आकार लागतो. म्हणजे 2800 रुपयांच्या बिलाला 35 रुपये. पुढे थकबाकीवर वर्षाला 12 टक्क्यांपासून व्याज सुरू होतं आणि जितकं लांबेल तितकं चढतं. आता गल्लीतल्या दहा टक्केवाल्याचं बघा: त्याच 2800 ला महिन्याचे 280. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲपं तर याहून वाईट. म्हणून मी कळकळीने सांगते, आठ-दहा दिवसांत पैसे येणार असतील तर लाइट बिलासाठी व्याजाने पैसे काढू नका, गळ्यातलंही काही मोडू नका.

आता कागद. चालू बिल, आधीच्या दोन-तीन बिलांच्या पावत्या, आधार कार्डाची झेरॉक्स, मीटरचा फोटो, आणि अर्जाच्या दोन प्रती. अर्ज साधा असावा. वर बारा अंकी ग्राहक क्रमांक, खाली थकलेली रक्कम, आज किती भरते, उरलेले किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखांना. ‘लवकरच भरतो’ असं मोघम लिहू नका. तारखा तुमचा पगार किंवा भिशी ज्या दिवशी हातात पडते त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या घाला. खिशात काही ना काही रक्कम घेऊनच जा, पाचशे का असेनात. हप्ते पाडून देणं साहेबांच्या मंजुरीवर असतं, आणि आज काही भरणाऱ्या माणसाचं बोलणं वेगळं ऐकलं जातं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. रोखीने महिन्याला 5000 रुपयांपर्यंतच भरता येतात. थकबाकी त्यापुढे गेली असेल तर ऑनलाइन भरून देणारं कोणी सोबत ठेवा.

सुरक्षा ठेवीचं, म्हणजे वीज कंपनीकडे जमा राहणाऱ्या अनामतीचं, बिल वेगळं येतं, बहुधा उन्हाळ्यातच. घाबरून दोन्ही एकत्र धरू नका. त्याचे हप्ते वेगळे मागा.

बिलच चुकीचं वाटत असेल तर न भरता भांडत बसू नका. वीज कायदा 2003 चं कलम 56 सांगतं की मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत लाइट तोडता येत नाही. त्याच कलमात आहे की थकबाकीसाठी तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत.

लाइट तोडण्याआधीची ही नोटीस मोबाइलवरही येते, म्हणून नोंदवलेला नंबर चालू आहे का ते आजच बघा. आमच्याकडे ह्यांचा पगार तीन महिने थकला होता तेव्हा नोटीस गेली ती ह्यांच्या बंद पडलेल्या सिमवर. शुक्रवारी संध्याकाळी लाइट गेला. मुलाची दहावीची परीक्षा सोमवारी. दोन रात्री तो जिन्यातल्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसला, आणि मी शेजारी पुठ्ठ्याने वारा घालत. नंबर बदलायला पाच मिनिटं लागली असती. मात्र ‘आज रात्री साडेनऊला लाइट कापणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर तो लुबाडणाऱ्यांचा. फोन करू नका, लिंक उघडू नका, 1912 वर विचारा.

लाइट तोडलाच तर शेजाऱ्याकडून वायर ओढू नका, खांबावरून स्वतः जोडून घेऊ नका, त्यात गुन्हा दाखल होतो. सहा महिने तसाच राहिला तर जोडणी कायमची बंद होते, म्हणून त्याआधी थकबाकी आणि पुनर्जोडणीचा आकार भरायची सोय बघा. घरात लहान बाळ किंवा ऑक्सिजनच्या मशीनवरचा पेशंट असेल तर ते अर्जात पहिल्या ओळीत लिहा, डॉक्टरची चिठ्ठी जोडा.

हप्ते चालू असताना घरातही हात आखडता घ्यावा लागतो. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, तेवढ्यात साधा पंखा तेरा तास फिरतो. म्हणून पंखा बंद करून उकाड्यात बसू नका, गीझर बंद करा. एकदा घरातली सगळी बटणं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. तरीही लुकलुकत असेल तर वायरमनला बोलवा, कुठेतरी गळती आहे.

पुढचं बिल आलं की त्यात भरलेला हप्ता वजा झालाय का ते पावतीशी ताडून बघा, आणि पावती अर्जाच्या शिक्क्याच्या प्रतीला टाचून ठेवा.