बाळाच्या डोक्याचा घेर मोजताना

डोक्याचा घेर मोजण्यासाठी शिंप्याकडची जुनी कापडी टेप वापरू नये, कारण ती वापराने ताणली जाते आणि डोके प्रत्यक्षापेक्षा लहान भरते. न ताणणारी, मिलिमीटरच्या खुणा असलेली अरुंद टेप घ्यावी. बाळाला आईच्या मांडीवर बसवून टोपडे काढावे आणि टेप पुढून भुवयांच्या किंचित वरून, बाजूंनी कानांच्या वरून व मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून न्यावी. साताऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांत टाळू तेलाने भरण्याची पद्धत अजून आहे, त्यामुळे टेप घसरते. आधी मऊ फडक्याने तेल टिपून घ्यावे आणि मोजून झाल्यावर पुन्हा लावू द्यावे, म्हणजे आजीही रागावत नाहीत. माप तीनदा घेऊन सर्वांत मोठे नोंदवावे.

एकट्या मापाला फारसा अर्थ नसतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्मतः साधारण 34 ते 35 सेंटिमीटर असतो, पहिले तीन महिने तो दरमहा सुमारे 2 सेंटिमीटरने वाढतो, मग वेग मंदावत वर्षाअखेरीस 46 च्या आसपास पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या प्रमाणांनुसार मुलगा व मुलगी यांचे आलेख वेगळे असतात, म्हणून योग्य तक्ता निवडावा. बाळाच्या मापांची रेषा आलेखावरील छापील वक्र ओलांडू लागली किंवा शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगलेली दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मात्र डोके नुसतेच मोठे वाटत असेल, तर ते घराण्यातूनच आलेले असू शकते, म्हणून आईवडिलांचीही डोकी त्याच टेपने मोजून पाहावीत.