युरोपला बोल्ट पाठवणाऱ्या लहान कारखानदाराने कार्बनचा हिशेब कसा ठेवावा

युरोपीय संघात येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खतांसारख्या मालावर 1 जानेवारी 2026 पासून सीबॅम, म्हणजे माल तयार होताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर सीमेवर लागणारे शुल्क, प्रत्यक्ष लागू झाले आहे. ते आयातदाराने भरायचे असले, तरी त्यासाठीचे उत्सर्जनाचे आकडे तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखानदाराकडेच मागणार आणि ते मिळाले नाहीत तर बोजा भावावर ढकलणार.

आधी शिपिंग बिलावरचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, पाहावा. नट, बोल्ट, स्क्रू 7318 खाली जातात आणि ते सीबॅमच्या यादीत आहेत. वाहनांचे सुटे भाग म्हणून 8708 खाली जाणारा माल सध्या यादीत नाही. मग युरोपातला खरेदीदार यादीतला माल वर्षाला एकूण किती आणतो, हे त्याला विचारावे, कारण वर्षाला 50 टनांपर्यंतच्या आयातीला मिळणारी सूट त्याच्या सर्व पुरवठादारांच्या मालाच्या बेरजेवर ठरते. आपण थोडाच माल पाठवतो म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

खरे काम वायर रॉडपाशी, म्हणजे ज्या पोलादी सळईच्या गुंडाळीपासून (कॉइलपासून) बोल्ट बनतात तिच्यापाशी, आहे. बोल्टच्या नावे लागणारे बहुतेक उत्सर्जन पोलाद तयार होतानाच झालेले असते. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे कोकच्या साहाय्याने लोहखनिज वितळवणाऱ्या भट्टीच्या, पोलादावर ते भंगार वितळवून केलेल्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त असते. मात्र जालन्यात आहेत तशा विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत भंगाराबरोबर स्पंज आयर्न (लोहखनिजापासून न वितळवता केलेले कच्चे लोखंड) किती पडले, हेही विचारावे लागते, कारण आपल्याकडचे स्पंज आयर्न बहुतांशी कोळशावर तयार होते. म्हणून रॉडची ऑर्डर देतानाच मिल टेस्ट सर्टिफिकेटबरोबर (पोलाद कारखान्याच्या गुणवत्ता-तपासणीच्या दाखल्याबरोबर) प्रतिटन उत्सर्जनाचा आकडा देण्याची अट लेखी घालावी. पैसे चुकते झाल्यावर असा कागद सहसा हाती येत नाही. कॉइलच्या टॅगवरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतणीचा क्रमांक), पोलाद कारखान्याचे नाव, वजन आणि त्या कॉइलमधून निघालेल्या बोल्टचा लॉट नंबर रजिस्टरमध्ये एकाच ओळीत लिहावा. प्रत्यक्ष आकडे वापरायचे तर मान्यताप्राप्त संस्थेकडून पडताळणी लागते. ते नसतील तर युरोपीय आयोगाची ठरीव मूल्ये लागू होतात आणि ती मुद्दाम चढी ठेवलेली आहेत.

छपरावर सौर पॅनेल बसवून हे शुल्क वाचेल, असे कोणी सांगितले तर सावध राहावे. पोलादाच्या बाबतीत विजेमुळे होणारे अप्रत्यक्ष उत्सर्जन सध्या या शुल्कात धरले जात नाही. पॅनेलने विजेचे बिल कमी होईल, एवढेच.

भारताने जागतिक व्यापार संघटनेत सीबॅमवर आक्षेप घेतला आहे आणि 2023 मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजनाही अधिसूचित केली आहे. मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत सीबॅममधून वजा होण्याची तरतूद असल्याने, तो पैसा युरोपला देण्यापेक्षा इथेच राहावा म्हणून देशातले नियम कडक करण्याला व्यापारी कारण मिळते. मात्र सरकारी पातळीवरच्या या हालचालींच्या भरवशावर लहान कारखानदाराने हिशेब थांबवू नये. हे शुल्क भरण्यासाठी घ्यावी लागणारी 2026 च्या मालाची सीबॅम प्रमाणपत्रे आयातदारांना फेब्रुवारी 2027 पासून मिळतील आणि विवरणपत्राची मुदत 30 सप्टेंबर 2027 आहे. त्याच्या बऱ्याच आधी खरेदीदाराचा तगादा सुरू होईल, तेव्हा 2026 मधील रॉडची बिले आणि सर्टिफिकेटे आतापासूनच वेगळ्या फाइलमध्ये लावावीत.