गाडी घ्यावी की तिची सेवा? करारापूर्वीचा हिशेब

बडोद्याजवळच्या हालोल येथील कारखान्यात तयार होणारी एमजी विंडसर ही विजेवरची गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या दोन एक्स-शोरूम किमती जाहीर झाल्या : बॅटरीसह १३.५० लाख रुपये, अथवा ९.९९ लाख रुपये आणि शिवाय बॅटरीच्या वापरापोटी किलोमीटरमागे ३.५० रुपये. गाडी एकदा विकून मोकळे होण्याऐवजी ग्राहकाकडून दरमहा उत्पन्न मिळवण्याकडे वाहन कंपन्या वळत आहेत, त्याचे हे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे. अशा योजनेत आरंभीचा आकडा मोहात पाडतो; म्हणून निर्णय आपल्या महिन्याच्या रनिंगवरूनच करावा.

दोन किमतींतील फरक ३.५१ लाख रुपयांचा आहे. त्याला ३.५० ने भागले की सुमारे एक लाख किलोमीटर येतात. म्हणजे व्याज बाजूला ठेवले, तर तेवढ्या अंतरानंतर बॅटरीचे भाडे तिच्या किमतीला गाठते. बडोद्यातील दांडिया बाजारातून रोज हालोलला नोकरीसाठी जाणाऱ्याचे महिन्याला दोन हजार किलोमीटर होत असतील, तर त्याचे भाडे ७,००० रुपये होईल आणि चार वर्षांहून थोड्या अधिक काळात हा टप्पा येईल. गावातल्या गावात पाचशे किलोमीटरच फिरणाऱ्याला योजना स्वस्त वाटते, परंतु करारात दरमहा किमान १,५०० किलोमीटरचे भाडे बंधनकारक असेल, तर त्याला ५,२५० रुपये भरावे लागतील, म्हणजे किलोमीटरमागे साडेदहा रुपये. माझ्या मते हे एकच कलम सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. चार्जिंगचा खर्च यात धरलेला नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मारुती सुझुकीने २०२० मध्ये सुरू केलेल्या सबस्क्रिप्शनसारख्या, म्हणजे गाडी विकत न घेता मासिक शुल्कावर वापरण्याच्या, योजनेत विमा आणि देखभाल मासिक शुल्कातच येतात. तिथे गाडी परत करताना ओरखडे आणि जादा किलोमीटर यांचे पैसे कसे कापले जातील, हे लेखी घ्यावे. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सोयी किती वर्षे मोफत आहेत, हेही विचारून घ्यावे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम आसनांसाठीसुद्धा मासिक शुल्क ठेवले होते आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर ते मागे घेतले.

बॅटरी भाड्याची असेल, तर पुढे गाडी विकताना बॅटरीचा करार कसा संपेल, आरसी बुकातील कर्जाचा बोजा कोण उतरवेल आणि बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळेल का, याची उत्तरे बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वीच लेखी मागावीत.