पाळीव प्राण्याला कुणी मारलं किंवा विष घातलं, तर तक्रार कशी करावी?

सोसायटीत कुणी कुत्र्याला विष घातलं किंवा मांजरीचा पाय मोडला, की पहिला मेसेज जातो व्हॉट्सॲप ग्रुपवर. तो तूर्त थांबवा. संशयिताचं नाव तिथे टाकलंत की तो सावध होतो, शिवाय तुमच्यावरच बदनामीची तक्रार करायला मोकळा.

आधी पुरावा

उपचार सुरू असतानाच डॉक्टरांकडून केसपेपरवर जखमेचं वर्णन, वेळ आणि विषबाधेचा संशय असेल तर तोही लिहून घ्या. उलटी किंवा आवारात सापडलेला खाण्याचा तुकडा हातमोजे घालून स्वच्छ डब्यात ठेवा. जुन्या सीसीटीव्ही फुटेजवर नवं चढत जातं, म्हणून त्याच दिवशी सेक्रेटरींना ते जपून ठेवण्याचं पत्र द्या. प्राणी दगावला असेल तर पुरण्याची घाई नको. बर्फात ठेवा, मात्र गोठू देऊ नका. गोठलेल्या शरीराची तपासणी नीट होत नाही. शवविच्छेदनासाठी पुण्यात असाल तर औंधच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा.

पोलीस ठाण्यात

खरी कसोटी इथे. ‘कुत्र्यासाठी एफआयआर? अर्ज देऊन जा,’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. फार तर एनसी लिहून घेतात, म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि तपास तिथेच अडतो. म्हणून तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम 325 स्पष्ट लिहा. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, जायबंदी किंवा निकामी करणं, यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत, आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो. जुन्या दंडविधानात दहा रुपये, पन्नास रुपये अशी प्राण्याची किंमत बघावी लागे. 1 जुलै 2024 पासून तो हिशेब गेला. रस्त्यावरून आणलेलं इंडी, म्हणजे देशी, पिल्लू असलं तरी कलम तेच.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 सोबत लावायला सांगा, पण एकट्या त्याच्यावर राहू नका. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे अमृततुल्यातल्या दोन-तीन चहांचे पैसे! शिवाय या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो.

तक्रारीत मतं नकोत, घटना हवी. ‘अमुक तारखेला सायंकाळी सातच्या सुमारास पार्किंगमध्ये शेजाऱ्याने माझ्या कुत्र्याच्या डोक्यात लोखंडी सळई मारली, वॉचमनने पाहिलं,’ एवढं पुरतं. सोबत लसीकरणाचं कार्ड, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि बिलं जोडा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. हद्दीचा वाद काढला तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या एफआयआरचा, आग्रह धरा. नोंदवायलाच नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे पाठवा आणि पोच सांभाळा. तिथेही दाद लागली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. इथे वकील घ्याच. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे आरोपी दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तर केस बुडाली असं समजू नका.

गाडीखाली आला तर

इथे कायदा लंगडा आहे. कलम 325 साठी हेतू किंवा परिणामाची जाणीव दाखवावी लागते. बेदरकार वाहन चालवण्याची कलमं माणसाच्या जिवासाठी आहेत, प्राण्यासाठी नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. मुद्दाम अंगावर गाडी घातली असेल तर गोष्ट वेगळी.

डॉक्टरांचा हलगर्जीपणा

पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली फी पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही. मात्र दुसऱ्या पशुवैद्याचं लेखी मत नसेल तर प्रकरण टिकणं अवघड. गैरवर्तनाची तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे वेगळी होते.

भरपाई

उपचारांचा खर्च मारणाऱ्याकडून वसूल करायचा तर दिवाणी दावा. कायदा प्राण्याला मालमत्ता धरतो, त्यामुळे भर बिलांवर राहतो, जिव्हाळ्यावर नाही. बिल मात्र ज्याच्या नावाने दावा, त्याच्याच नावाने बनवून घ्या.