जुन्या जीपचे क्लच बेअरिंग सैल बसत असेल तर

वडाप (खासगी प्रवासी वाहतूक) करून करून म्हाताऱ्या झालेल्या महिंद्रा जीप सोलापूरकडे अजून शेतावर आणि उसाच्या फडावर राबताना दिसतात. त्यांचे इंजिन सहसा दगा देत नाही, क्लच मात्र कुरकुरतो. प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, तरी पेडल दाबले की किंचाळी आणि पायाखाली थरथर. अशा वेळी रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला दाबून क्लच सोडवणारे बेअरिंग, नुसते बदलून काम भागत नाही, कारण झिजलेली असते ती बेअरिंगखालची स्लीव्ह. नवे बेअरिंग हातानेच सरकन बसले तर खूश होऊ नका. तिथेच थांबायचे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथे दोन बसणी आहेत. बेअरिंग स्लीव्हवर बसते, ते गच्च हवे, प्रेसशिवाय न जाणारे. आणि स्लीव्ह गिअरबॉक्सच्या तोंडाच्या नळीवर पुढेमागे सरकते, ती मोकळी हवी. निम्मी कामे बिघडतात ती चुकीची बसणी घट्ट केल्यामुळे.

गाडी उघडण्याआधी

इंजिन चालू ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये. पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर दोष बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंगकडे बघा. नुसती थरथर असेल तर प्रेशर प्लेटच्या फिंगर (बेअरिंग ज्यांवर दाबते ती बोटे) वरखाली असण्याचीही शक्यता असते. उघडल्यावर तेही तपासायचे.

उतरवणे

बॅटरीची वायर काढा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. आतला पत्रा काढला की गिअरबॉक्सचे बोल्ट वरूनही हाताला लागतात. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर रंगाने खूण करा. या जीपमध्ये गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर काढला की इंजिनची मागची बाजू लोंबकळते, म्हणून संपखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी ठोकळा लावून आधार द्या. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) एकत्र उतरतात. वजन चांगलेच असते, दोन माणसे आणि ट्रॉली जॅक हवाच. बॉक्स मागे ओढताना त्याचा भार इनपुट शाफ्टवर टांगू देऊ नका, नाहीतर प्लेटचा हब वाकतो आणि क्लच धक्के मारू लागतो.

आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

बघणे आणि मोजणे

बेअरिंग काढल्यावर स्लीव्हची सीट, म्हणजे बेअरिंग बसते तो भाग, उजेडात धरा. बेअरिंग सीटवर फिरले असेल तर तिथे आरशासारखा चकचकीत पट्टा दिसतो आणि कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी साठलेली असते. निळसर झाक आली असेल तर स्लीव्ह तापलेली आहे, ती बाद करा.

मग मायक्रोमीटरने सीट तीन ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. नव्या बेअरिंगचे भोकही मोजा. सीट भोकापेक्षा मिलिमीटरच्या शंभरातले दोन-चार भाग, म्हणजे ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर, जाड असेल तर बसणी चांगली.

आता नळी. स्लीव्ह तिच्यावर उभी धरून सोडली तर आपल्या वजनाने खाली यावी, पण हलवली तर खडखडता कामा नये. खडखडत असेल तर नळी झिजली आहे की स्लीव्हचे भोक, ते बघा. नळी खाल्ली गेली असेल तर ती ज्यावर आहे ते गिअरबॉक्सचे पुढचे कव्हरच बदला. भोक मोठे झाले असेल तर स्लीव्हमध्ये गनमेटलचा बुश बसवून घेता येतो.

दुरुस्ती

नवी स्लीव्ह मिळत असेल तर तीच घ्या. या जीपचे सुटे भाग अजून मिळतात, आणि जुनीवर घालवलेला दिवस क्वचितच परवडतो. मात्र नवीही दुकानातच मोजा. डब्यावर काय छापले आहे त्यावर विसंबू नका.

बेअरिंग आणि सीटमधली फट ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर बेअरिंग पकडून ठेवणारे द्रव चालते. लॉकटाइट ६३८ किंवा त्याच जातीचे दुसरे. बोल्टसाठी मिळते ते थ्रेड लॉकर वेगळे, ते इथे कामाचे नाही. दोन्ही पृष्ठभागांवर तेलाचा अंश राहता कामा नये. पातळ थर द्या, फिरवत बसवा, बाहेर आलेले लगेच पुसा. बेअरिंगच्या आत थेंब गेला तर बेअरिंग गेले. हे द्रव धातूला लागून हवा बंद झाली की घट्ट होते. काही मिनिटांत पकडते, पण पूर्ण ताकद यायला चोवीस तास द्या.

फट त्याहून मोठी असेल तर लेथ. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात लूमचे पार्ट करणारे टर्नर हे काम डोळे झाकून करतात, पण नेमके सांगावे लागते. स्लीव्हसोबत बेअरिंग आणि नळीचे कव्हरही न्या. "अण्णा, सीट उतरवून वर रिंग चढवा, आणि फायनल कट या बेअरिंगवर मापून मारा. आतल्या भोकाला हात लावू नका," एवढे सांगितले की पुरे. सीट आतल्या भोकाशी एका केंद्रात असली पाहिजे, म्हणून जॉब भोकावरच धरायला सांगा.

सेंटर पंचाने दाणे उठवणे, फटीत पत्रा कोंबणे, बेअरिंगला वेल्डिंगचा टाका मारणे, हे तिन्ही प्रकार रस्त्यावर चालतात. पंचाचे दाणे थोड्याच दिवसांत चपटे होतात. पत्र्याने बेअरिंग तिरके बसते. टाका मारताना करंट गोळ्यांतून गेला तर त्यांवर डाग पडतात, शिवाय आतले ग्रीस जळते. मध्यरात्री तुळजापूर रस्त्यावर गाडी बंद पडली तर घरी पोचण्यापुरते समजू शकतो, त्यापुढे नाही.

बसवणे

बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नका, ते ग्रीस भरून बंद केलेले असते. स्लीव्ह पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. मे महिन्यात सोलापूरच्या गॅरेजमध्ये बेचाळीस अंश असतात, फ्रीझरमध्ये उणे अठरा. साठ अंशांच्या फरकाने ४५ मिलिमीटरची सीट साधारण ०.०३ मिलिमीटर आकसते, तेवढ्याने प्रेसचा जोर खूपच कमी लागतो. द्रव वापरणार असाल तर हा उपाय नको, गार धातूला दव धरते. दाब द्यायचा तो स्लीव्हवर बसणाऱ्या रिंगवरच. दुसऱ्या रिंगवर हातोडा मारला की गोळ्यांची वाट लागलीच म्हणून समजा.

नळीवर आणि फोर्कच्या (बेअरिंग पुढे ढकलणाऱ्या दांड्याच्या) टोकांवर जास्त तापमानाचे ग्रीस बोटाने पुसल्याइतकेच लावा. जादा ग्रीस उडून प्लेटवर जाते आणि मग क्लच घसरतो. फोर्कची आणि स्लीव्हची स्प्रिंग विसरू नका. फ्लायव्हीलमधला पायलट बुश (इनपुट शाफ्टचे टोक ज्यात फिरते तो) झिजला असेल तर आत्ताच बदला, त्यासाठी पुन्हा बॉक्स उतरवायची कोणाचीच तयारी नसते. प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट वापरा.

शेवटी पेडलचा मोकळा खेळ. जोडणी लिंकेजची असेल तर साधारण एक इंच ठेवा, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळे माप असेल तर ते धरा. खेळ अजिबात नसेल तर बेअरिंग कायम फिंगरवर घासत राहते आणि नवी सीटही खाते. आधी जुन्या पुणे नाक्यावरून बाळ्यापर्यंत रिकामी गाडी फिरवा, मग माल भरून तुळजापूरचा घाट चढवा. पाचशे किलोमीटरनंतर खेळ पुन्हा मोजा. कमी झाला असेल तर प्लेट बसते आहे, लिंकेजवर थोडे सोडून द्या. वाढला असेल तर आधी फोर्क, पिव्हट आणि लिंकेजच्या पिना बघा, बॉक्स पुन्हा उतरवायची घाई करू नका.